बंदूक तिची, कान त्याचे

ट्वायलाची हनुवटी वर गेली, बोट डोंगराच्या धारेकडे वळलं, आणि ऑर्व्हल लगेच म्हणाला, "दोन नर आहेत. मोठा वरच्या अंगाला, ओकच्या रांगेत."

"मला एकच वाटला," ट्वायला, त्याची सून, त्याच्याकडे तोंड वळवून म्हणाली. "बाबा, तुमच्या कानांना तोड नाही."

ऑर्व्हलनं वहीत दोन रेघा ओढल्या. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. दोन वर्षं झाली, येतच नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून त्याचं भागायचं, आणि ट्वायला तर बोलताना नेहमी त्याच्याकडे बघूनच बोलायची. पोरीला वळण चांगलं आहे, असं तो मनाशी म्हणायचा.

अमेरिकेतल्या मिझुरीच्या त्या डोंगराळ भागात रानटर्कीच्या शिकारीचा मोसम सोमवारी उघडणार होता. त्याआधी पक्षी कुठल्या झाडावर बसतात ते हेरून ठेवावं लागतं. त्यासाठी उजाडायच्या सुमारास घुबडासारखी हाळी द्यायची. घुबडाचा आवाज कानी पडला की झाडावरच्या नराला राहवत नाही. तो गुडगुडून उत्तर देतो आणि आपली जागा सांगून बसतो. हाळी ट्वायलानं द्यायची, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून. उत्तर कुठून आलं ते ऑर्व्हलनं सांगायचं. बंदूक तिची, कान त्याचे, असं दोघांचं ठरलेलं.

थंडीत त्याची बायको मॅक्सीन गेली, बावन्न वर्षांचा संसार मागे ठेवून. त्यानंतर ऑर्व्हलनं अंथरूण धरलं. जेवण नको, रविवारचं चर्च नको. डेल, त्याचा मुलगा, मालट्रक घेऊन महिना महिना बाहेर. मार्चमध्ये एका सकाळी ट्वायला त्याचे बूट हातात घेऊनच खोलीत आली.

"यंदा मला माझी पहिली टर्की मारायचीय," ती म्हणाली. "आणि रानातलं मला काही म्हणजे काही कळत नाही. डेलला विचारलं तर आयुष्यभर ऐकवत राहील. तुम्ही चला."

तो उठला. कुणाला तरी आपली गरज आहे म्हणून उठला.

तेव्हापासून रोज पहाटे, पाय जमिनीला लावण्याआधी, तो देवाचे आभार मानायचा. या पोरीबद्दल, रानाबद्दल, पुन्हा लागू लागलेल्या भुकेबद्दल. आणि शेवटी वहीतल्या खोट्या रेघांबद्दल माफी मागायचा. रोज मागायचा आणि रोज पुन्हा तेच करायचा. खरं सांगितलं तर बहिऱ्या म्हाताऱ्याला रानात कोण नेणार? मग पुन्हा ती खोली, आणि तेच छत.

म्हणून मागच्या आठवड्यात केस कापायला जातो असं सांगून तो शेजारच्या हार्लनबरोबर शहरात गेला आणि घेवड्याच्या दाण्याएवढी दोन यंत्रं कानांसाठी घेऊन आला.

"सुनेला सांगून टाक की," परतताना हार्लन गाडी थांबवून म्हणाला. "ती काय खाणार आहे तुला?"

"सांगेन. आधी एक तरी नर खराखुरा ऐकू दे. वहीत एक रेघ तरी खरी पडू दे."

"ऐक बाबा. चर्चमध्ये माझं घोरणंही ऐकशील आता. मग म्हणशील, बहिरा होतो तेच बरं होतं."

शनिवार उजाडत होता. रविवार चर्चचा, म्हणून हेरायला जायची ही शेवटची पहाट. ट्वायला गाडीच्या मागच्या बाजूला कॉफीचा थर्मास शोधत होती, तेवढ्यात ऑर्व्हलनं यंत्रं कानात बसवली आणि लोकरी टोपी खाली ओढली.

पहिल्यांदा त्याला स्वतःच्याच बुटाखालचं पान ऐकू आलं. मग ओढा. मग लांब कुठेतरी कुत्रं, आणि वाळक्या खोडावर सुतारपक्ष्याची टकटक. तो चालताना दोनदा थांबला. डोळे पुसले आणि नाक शिंकरल्याचं दाखवलं. देवा, एवढं सगळं इथेच होतं आणि मी विसरूनही गेलो होतो, असं तो मनात म्हणाला. आजपासून खोटं बोलायला नको, या विचारानं त्याचं अंग हलकं झालं.

दोघं नेहमीच्या झाडाखाली टेकली. धारेवर उजेड फुटत होता. ट्वायलानं तोंडाशी ओंजळ धरली, गाल फुगवले आणि रोजच्यासारखी हाळी दिली. दोनदा आखूड, तिसऱ्यांदा लांबवून.

ऑर्व्हलला तिच्या बाहीची सळसळ ऐकू आली. ओंजळीतून सुटलेला तिचा श्वास ऐकू आला. घुबड मात्र ऐकू आलं नाही.

तो श्वास रोखून बसला. खाली ओढा वाहत होता. सुतारपक्षी थांबला, पुन्हा सुरू झाला. धारेवर सगळं शांत होतं.

ट्वायलाची हनुवटी वर गेली. बोट ओकच्या रांगेकडे वळलं. मग त्याच्याकडे तोंड करून, शिकारीला आलेलं कुणीही पहाटेच्या रानात काढणार नाही अशा खणखणीत आवाजात तिनं विचारलं, "ऐकलंत, बाबा?" वरच्या फांदीवरून एक खार दचकून पळाली.

ऑर्व्हलनं खिशातून वही काढली.

"ऐकलं," तो म्हणाला. "आज तीन आहेत."