डाव्या हातचा मळ

सकाळपासून थोरलीचे नऊ सुस्कारे टाकून झाले होते आणि आईने तिला तीनदा पाणी आणून दिलं होतं. डाव्या हाताने. उजवा पाच दिवसांपासून प्लास्टरमध्ये होता, मनगटापासून कोपरापर्यंत.

"डोळ्याला डोळा लागला नाही गं माझा," थोरली म्हणाली. "सारखं वाटायचं, तू पडली असशील, दार आतून बंद असेल…"

"पंख्याखाली बस बघू. तुझी गोळी घेतलीस का?"

हाड आईचं मोडलं होतं, रक्तदाब थोरलीचा वाढला होता.

थोरलीने निकाल लावून टाकला होता. आई आता तिच्याकडे राहणार, खालच्या शिवणाच्या दुकानाला कुलूप, आणि कशाला म्हणून हात लावायचा नाही. आईची बॅग भरून दाराशी ठेवलीही होती. आई बॅगेकडे बघायची, मग दुकानात उतरणाऱ्या जिन्याकडे. पण काल न्हाणीघराची कडी निघेना म्हणून ती अर्धा तास आत अडकली होती. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. धाकटी आली. तिचा उजवा हात ओढणीने अंगाशी आवळून बांधलेला.

"अगं बाई! तूही पडलीस?" थोरली किंचाळली. दहावा सुस्कारा अर्ध्यावरच राहिला.

"पडते कशाला? काल डेपोतली ड्यूटी संपवून घरी आले आणि बांधून घेतला."

"धडधाकट हात? का?"

"एका हाताने काय काय अडतं, ते बघायला."

तिने खिशातून चिठ्ठी काढली. डाव्या हाताने लिहिलेली, कुत्र्याचे पाय मांजराला लावल्यासारखी अक्षरं. आईला हसू फुटलं.

"हस, हस. नळ फिरतो. बाटलीचं झाकण मांडीत धरलं की निघतं. कडीने मात्र माझाही घाम काढला." बोलता बोलता ती न्हाणीघराशी गेली. खिशातून नाडी काढली, तिचं एक टोक दातात धरून कडीला हातभर लांब फास बांधला. "गुडघ्याने दार रेट आणि हे ओढ."

आई आत गेली. दार लागलं. थोरलीने छातीवर हात ठेवला.

खट्. दार उघडलं.

"हा तर डाव्या हातचा मळ!" आई दारातच म्हणाली, आणि पुन्हा आत जाऊन, उगाचच, दुसऱ्यांदा बाहेर आली.

"तुम्हाला थट्टा सुचते," थोरली म्हणाली. "मी एवढी काळजी करते…"

"करतेस ना ताई. करून झाली असेल तर थोडी घेऊया का?" धाकटीने चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "हे एक मला नाही जमलं. रात्रभर खटपट केली. कडी नाही, नाडी नाही, कशानेच होत नाही. त्याला माणूसच लागतं, रोज."

थोरलीने चिठ्ठी वाचली. तळाशी एकच शब्द होता : वेणी.

तिने आईकडे पाहिलं. सकाळपासून ती आईकडेच तर बघत होती. केसांचा गुंता झाला होता, मानेवर एक जट बसली होती. पाच दिवसांची असावी.

"बोलली का नाहीस?"

"तू आधीच एवढी घाबरलेली," आई म्हणाली.

थोरली उठली. पाणी न मागता, सुस्कारा न टाकता. आईला खुर्चीत बसवलं, मागे उभी राहिली.

"कंगवा कुठाय?"

आईने दाराकडे बोट केलं.

कंगवा बॅगेत होता, अगदी तळाशी. तो काढायला थोरलीला अख्खी बॅग रिकामी करावी लागली.