पडद्यावर फिरणारं नाव

पडद्यावर विनता मॅडमचं नाव फिरत होतं, आणि विनता मॅडमचे दोन्ही हात तर पदराला खडू पुसत होते. माऊसला तिने बोटसुद्धा लावलं नव्हतं.

आठवीचा वर्ग पोट धरून हसायला लागला. "मॅम, आपका भूत!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं.

आता भूत म्हणा नाहीतर आणखी काही, पण हे आठवडाभर चाललं होतं. विजय नगरच्या त्या हिंदी शाळेत प्राचार्यांना नवं खूळ लागलं होतं. इंटरनेटवर फुकट मिळणारं सादरीकरणाचं साधन! सगळ्या वर्गाने एकाच वेळी एकाच पानावर लिहायचं, चित्रं चिकटवायची. जो काम करेल त्याचं नाव पडद्यावर रंगीत पट्टीत इकडून तिकडे फिरतं. विनताचा सगळा जन्म फळ्यापुढे गेलेला. तरी बिचारी शिकली. आणि शिकते न शिकते तोच हे त्रांगडं! रात्री तिने पानं तयार करून ठेवावीत आणि वर्गात उघडून बघावं, तर अक्षरं मोठी झालेली, चित्र मधोमध सरकलेलं. बरं, बिघडलेलं काहीच नसायचं. उलट पान जास्त नीटनेटकं दिसायचं. त्यानेच तर तिचं डोकं आणखी चक्रावायचं. खोडी काढणारा कधी काम सुधारून देतो का?

आज तर कहरच झाला. धडा नर्मदेचा होता. घाईघाईत तिने नकाशात प्रवाहाची खूण उलटी टाकली होती. नदी समुद्रातून निघून अमरकंटककडे चढायला लागली होती. वर्गादेखत तिच्याच नावाने ती खूण पकडली, गर्रकन फिरवली आणि नर्मदेला पश्चिमेच्या वाटेला लावून दिलं.

तिचं चित्त आज तसंही थाऱ्यावर नव्हतं. सकाळी पोहे खाता खाता नवरा, अंबरीश, म्हणाला होता, "रविवारी गाडी सांगितली आहे. बापूंना नागपूरच्या त्या सेवाघरात सोडून येऊ. त्यांच्यापायी तू काहून नोकरी सोडतेस? त्यांना काय, इथे काय नि तिथे काय. काही समजूनच नाही राहिलं त्यांना."

हे तो बापूसाहेबांच्या पलंगाला टेकून उभ्याउभ्या बोलला. बापूसाहेब म्हणजे विनताचे सासरे. जन्मभर कारखान्याच्या शिकाऊ पोरांना ड्रॉइंग शिकवलं त्यांनी. दिवाळीत अर्धांगाचा झटका आला, जीभ वळेना, उजवा हात लुळा पडला. किती समजतं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. घरच्यांनी मात्र समजत नाही असंच धरून टाकलं. विनताने त्यांची हनुवटी पुसली आणि नवऱ्याला म्हणाली, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं." नको म्हणायचं होतं तिला, पण तोंडातून निघालं ते हे. तेव्हापासून तेच डोक्यात घोळत होतं, आणि वर हे भूत!

"श्रद्धा!" वर्गातल्या कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडून देणाऱ्या, पहिल्या बाकावरच्या मुलीवर ती कडाडली. "पासवर्ड तूने ही डाला था ना? सच बता!"

"मॅम, मैं तो कुछ भी नहीं कर रही!" पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"सब लोग हाथ ऊपर!"

झाडून सगळे हात वर गेले. श्रद्धाने तर दोन्ही वर केले. आणि पडद्यावर विनता मॅडमचं नाव आपलं आरामात नकाशाला वळसा घालून मथळ्यापाशी गेलं आणि त्याची अक्षरं मोठी करू लागलं.

हसणं एकदम थांबलं. हात खाली घ्यायचंही कोणाला सुचेना. विनताने एकेक हात मोजला. सगळे हात समोर दिसतायत, मग हे चालवतंय तरी कोण?

"मॅम," श्रद्धा नाक ओढत म्हणाली, "उसी से पूछ लीजिए ना."

विनताला दुसरं काही सुचतही नव्हतं. नकाशाखाली तिने लिहिलं: कौन हो?

नाव जागच्या जागी थबकलं. मग त्या ओळीखाली एक अक्षर उमटलं. बऱ्याच वेळाने दुसरं. चुकलं, पुसलं, पुन्हा आलं. सवय नसलेल्या हाताने कोणी लिहावं तसं. पोरं एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागली, "सू... न... बा... ई."

"मॅम, ये सूनबाई क्या होता है?"

विनताने टेबलाची कड घट्ट धरली. तिला अशी हाक मारणारं जगात एकच माणूस होतं, आणि दिवाळीपासून ती हाक तिने ऐकली नव्हती. तिच्या मुलाने, केतनने, कॉलेजला पुण्याला जाताना आपला जुना टॅब आजोबांना भजनं ऐकायला दिला होता. त्यात खातं मात्र आईचंच राहू दिलं होतं. सगळ्या घराला मिळून एकच खातं. तिची पानं त्या टॅबवरही उघडत होती, आणि तिच्या नावाने तिथे कोणाचा डावा हात फिरत होता ते आता तिला कळलं.

दुसरी ओळ उमटायला लागली. "वाचू नका रे!" ती मराठीतच ओरडली. पोरांना मराठी कुठलं समजायला! त्यांना मौज वाटत होती. सगळा वर्ग एका सुरात, खणखणीत आवाजात वाचत सुटला:

"रविवारी मला सोडून येऊ नका. मला सगळं समजतं."