दोन अंगठे

कासिल्दा गाढवगाडी घेऊन पोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. काटेरी मेस्किटच्या झाडाखाली दोन माणसं पडली होती. एक तिचा नवरा, एलेउतेरियो. दुसऱ्याला तिने कधी पाहिलं नव्हतं.

परवा कोणीतरी रेल्वेचा पूल जाळला होता. काल रेंजर, म्हणजे सरकारचे बंदूकधारी घोडेस्वार, आले आणि रस्त्यावर जे दोन मेक्सिकन आधी दिसले त्यांना त्यांनी गोळ्या घातल्या. एलेउतेरियो चुकलेली शेळी शोधायला निघाला होता.

राखणीला टॉलिव्हर बसला होता. गावातला गोरा दुकानदार. १९१५ च्या त्या धामधुमीत टेक्सासच्या या टोकाला त्याच्याही छातीवर शिपायाचा बिल्ला आला होता. त्याच्या परसातली विहीर एलेउतेरियोनेच खणलेली.

"कासिल्दाबाई, घरी जा." तो मेक्सिकन लोकांच्याच बोलीत बोलायचा, लहानपणापासून. "रविवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही. लोकांनी बघावं, असा हुकूम आहे."

"बघितलं लोकांनी." तिने गाडीतून फावडं काढलं.

टॉलिव्हर उठला. मग पुन्हा बसला. खिशातून त्याने छापील कागद काढले.

"एक वाट आहे. हा लुटारू होता असं घरच्या माणसाने लिहून द्यायचं. मग पुरता येतं."

"आणि मग?"

"मग जमीन जाते. घरच्यांनी नदीपलीकडे, मेक्सिकोत निघून जायचं."

ही नदी सरहद्द व्हायच्या आधीपासून ती जमीन एलेउतेरियोच्या घराण्यात होती. कासिल्दाने नवऱ्याकडे पाहिलं. कॉलरवरून मुंग्या जात होत्या. रडू येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली. आलं नाही. तिने अंगठा पुढे केला.

शाई झग्याला पुसून ती दुसऱ्याजवळ गेली. विशीतला असेल. एका पायात चप्पल होती, दुसरी कुठे दिसेना.

"आणि हा?"

"त्याच्यासाठी त्याचं माणूस लागेल."

"मग लिहा. माझा भाऊ."

"बाई, तुम्हाला भाऊ नाही. वीस वर्षं ओळखतो मी तुम्हाला."

"वीस वर्षं ओळखता ना? मग लिहा."

टॉलिव्हरने दुसरा कागद गुडघ्यावर ठेवला. त्याने नाव विचारलं. तिने जे तोंडात आलं ते सांगितलं. पुन्हा अंगठा उठवला.

जमीन दगडासारखी होती. टॉलिव्हरने फावड्याला हात लावला नाही, आणि तो गेलाही नाही. दुपार कलली तेव्हा दोन खड्डे झाले. दोघांना त्यांत ठेवून तिने माती लोटली. तळहातांची सालं निघाली होती, ते तिला फावडं गाडीत टाकताना दिसलं.

दोन्ही ढिगाऱ्यांवर माती थोपटून ती गाडीत बसली.

"उद्या मी पलीकडे जाते," ती म्हणाली. "या पोराचं कोणीतरी शोधत येईल. आई असेल, बायको असेल. पीठ-मीठ घ्यायला तुमच्याच दुकानात येतील. विचारतील."

टॉलिव्हरने दोन्ही कागद घडी करून खिशात घातले.

"त्यांना सांगा, नदीच्या बाजूला पुरलाय तो तुमचा."