रुफिनाच्या नावाचं झाड

सायमन मास्तरांनी गुलाबाचं रोप खड्ड्यात ठेवलं आणि भोवतीची काळी माती तळव्यानं दाबली. अमरावतीच्या चर्चमागं, मोकळ्या जागेत, फादरांनी त्या वर्षी, एकसष्ट साली, स्मरणबाग सुरू केली होती. घरचं माणूस गेलं की त्याच्या नावानं एक झाड. मास्तरांची बायको रुफिना उन्हाळ्यात गेली होती.

"मास्तर, हेबी लावा एक."

मागं वच्छला उभी होती. राजापेठेतली त्यांची शेजारीण. हातात मुळासकट काढलेली अंबाडी, शेंड्याला एक पिवळं फूल.

"वच्छलाबाई, ही बाग आहे. भाजीचं वावर नाही."

"रुफिनाबाईले लय आवडे."

"अंबाडी? आमच्या घरी कधी शिजली नाही."

"तुमाले आंबट चालत नाही म्हनून. तुमी शाळेत गेले का माह्या चुलीपाशी येऊन बसे. भाकर कुस्करून खाये."

मास्तर गुलाबाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लग्नाच्या वाढदिवसाला मी तिला दर वर्षी गुलाब आणायचो."

वच्छला घुटमळली.

"शिंका येत तिले त्या वासानं. तुमी बाहेर पडले का फुलं माह्याकडं आनून ठेवे."

"मग मला कधी बोलली का नाही?"

"तुमी इतक्या हौसेनं आनत. कोन सांगते?"

मास्तर उठले. आता हे रागावणार असं वच्छलाला वाटलं. पण त्यांनी खुरपं उचललं आणि गुलाबाशेजारी दुसरा खड्डा करायला बसले.

"आणखी काय करायची ती तुमच्याकडे?"

"राहू द्या ना, मास्तर."

"सांगा हो. माझ्याजवळ होतं तेवढं सगळं आठवून झालं."

वच्छलानं अंबाडी खाली ठेवली. "तुमची नक्कल करे. हसून हसून आमचं पोट दुखे."

"करून दाखवा."

"इथं? फादर पायतीन."

"पाहू द्या."

वच्छलानं इकडंतिकडं पाहिलं. पदर खोचला. नसलेला चष्मा नाकावर चढवला, काखेत नसलेली छत्री दाबली, आणि जाड आवाजात म्हणाली, "रुफिना, माझी छत्री कुठं ठेवलीस?"

मास्तरांचं खुरपं थांबलं.

"पुन्हा करा."

तिनं पुन्हा केलं, चष्म्यापासून. या वेळी हसू दाबायला तिला ओठ मुडपावे लागले.

"मी काही असा बोलत नाही," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "पण हसू दाबताना ती ओठ अगदी असेच मुडपायची."