पोटभर

अकरा दिवस झाले तरी त्या पहिलटकरणीला दूध उतरलं नव्हतं. बाळ बाटलीलाही तोंड लावेना. रडून रडून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

बाराव्या दिवशी ती आईबरोबर दवाखान्यात गेली. नर्सने बाळाला काट्यावर ठेवलं आणि ती हसली. "अगं, तीनशे ग्रॅम वाढलंय! उगाच रडतेस. भरपूर दूध आहे तुला."



घरी आल्यावर तिने बाळाला आतल्या खोलीत झोपवलं, दार लोटलं आणि स्वयंपाकघरात आली. घरात मायलेकी दोघीच होत्या.

"आई, खरं सांग. माझ्या नकळत तू वरचं दूध पाजतेस ना?"

"तुझी शपथ, नाही गं. मला वाटलं, तुलाच आता येतंय."

तेवढ्यात आतून चुटुचुटु आवाज आला. तान्हं बाळ अंगावर पितं, तसा.

दोघी दाराशी धावल्या. तिने दाराला हात लावला, पण तिला ते ढकलवेना. इतक्या समाधानाने बाळ तिच्याजवळ कधीच प्यायलं नव्हतं.

पिणं थांबलं. मग कुणीतरी हलकेच पाठ थोपटल्याचा आवाज आला, आणि बाळाने ढेकर दिला.