ओलसर मूठ

घड्याळजींना जुन्या लाकडी रॅकेटींचं वेड होतं. भिंतीवर एकोणतीस टांगलेल्या होत्या, आणि कोणती कुणी बनवली हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत.

तिसावी आली आणि भलतंच सुरू झालं. तिच्या मुठीवरचं कातडं रोज दुपारी ओलं व्हायचं, कुणी तासभर खेळून आत्ताच ठेवल्यासारखं.

"अहो, भिंतीला ओल आली असेल," बायको म्हणाली.

त्यांनी ती कपाटात ठेवली, तरी तेच. मग जुनं कातडं सोलून नवं कोरडं गुंडाळलं. दुपारी तेही ओलं झालं, आणि वर कोमट.

घाबरून त्यांनी तिच्या कारागिराची माहिती धुंडाळली. एका पिवळ्या पडलेल्या माहितीपत्रकात एवढंच सापडलं की म्हातारा प्रत्येक रॅकेट स्वतः गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा आणि म्हणायचा, "हात मिळवतो तशी धरा."

तशी तर ती आपण एकदाही धरली नाही, हे घड्याळजींच्या ध्यानात आलं. घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा आपला हात त्यांनी पुढे केला आणि मूठ धरली.

"अहो, माळ्यावरचा डबा काढून देता ना?" आतून हाक आली.

"आलोच," म्हणत त्यांनी पाचही बोटं उघडली.

रॅकेट पडली नाही. ती हळूच वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, नव्या ओळखीत हात हलवतात तशी. आणि मग हात सोडायचं नाव घेईना.