पावण्याच्या धडधाकट बाया

या, बसा देवजीच्या ओट्यावर. चाय टाकलीय. तवर अशी गोष्ट सांगतो की पोट धरून हसाल. फक्त हसायचं ते आवाज न करता. का, ते शेवटी कळंल.

जुईनगरला एका सोसायटीच्या हॉलमधे आपल्या पावणे गावच्या सहा बाया घोरत पडलेल्या. तोंडाला हळद, अंबाड्यात सुकलेले गजरे. कोन बाकड्यावर, कोन चटईवर, एक तर वजनकाट्यालाच टेकून. आनि डॉक्टर लोकांनी ह्यांना बोलावलेलं कशाला, तर धडधाकट म्हनून.

मागल्या वर्षीची गोष्ट, शहान्नवची. मुंबईचे, पुन्याचे आनि लंडनचे डॉक्टर मिळून एका आजाराच्या मागं लागलेले. मानूस थकतो आनि तो थकवा वर्षानुवर्षं जातच नाय, असा आजार. रक्त तपासा, फोटो काढा, सगळं बरोबर दिसतं. लोक म्हनतात, सोंग हाय. तर तिन्हीकडचे डॉक्टर एकच प्रश्न विचारनार, एकसारख्या तपासन्या करनार, मंग जुळवून बघनार. पन नियम असा, की आजारी बाईबरोबर तिच्याच गावच्या, तेच पानी पिनाऱ्या धडधाकट बाया पायजेत. नायतर फरक कळायचा कसा.

आजारी बाई म्हंजे पुतळा, ह्या देवजीची बायको. आधी डोक्यावर दोन हंडे घेऊन हसत चालायची. एकदा ताप आला. ताप गेला, पुतळा काय परत उभी राहिली नाय. भाकरी थापायला बसली तर हात परातीतच राहायचा. घरात थोरली जाऊ, चांगुनाबाय. सासू गेल्यापासनं घर तिच्या शब्दावर. पुतळाला तोंडावर आळशांची रानी म्हनायची. ह्या वेळी तर तिनं देवजीला बजावलेलं, डॉक्टरला काय सापडलं नाय तर हिला माहेरी सोडून यायचं. पुतळाचा सगळा जीव त्या तपासनीत अडकलेला.

धडधाकट बाया आनायचं काम चांगुनाबायनंच अंगावर घेतलं. आपल्या गावच्या बाया कशा असतात ते शहरवाल्यांना दाखवते म्हनाली. वार ठरला सोमवार. आनि रविवारी शेजारी हळद. आपल्याकडं हळद म्हंजे बँजो, नाच, वडे, भाकऱ्या. उजाडल्याशिवाय घरी जातं कोन? हळद सोडायची नाय आनि डॉक्टरला दिलेला शब्द पन मोडायचा नाय. बाया मांडवातनं नाचत नाचत थेट टेम्पोत चढल्या. जुईनगर येईपर्यंत गात होत्या. हॉलमधे पंखा लागला आनि एकेक आडवी झाली.

लंडनवाला गोरा आत आला. त्यानं बघितलं आनि त्याचे डोळे चमकले. त्याला वाटलं, अख्ख्या गावालाच आजार. तो फोन शोधत पळाला, पळताना बादलीत पाय. मुंबईच्या डॉक्टरीनबाई, सुमेधा मॅडम, कपाळाला हात लावून बसल्या. आनि तपासनीला आलेली पुतळा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून पडलेली. तिला वाटलं, संपलं आपलं. सगळ्याच थकलेल्या, मंग तिच्या थकव्याला विचारतो कोन.

दुपारी बाया उठल्या. तोंडं धुतली, चाय मागितली. वजनकाट्यावरची म्हनाली, काटा खोटा हाय, झोपेत वजन वाढवतो. दोघींनी गोऱ्याला मधे उभा केला, तोबी कंबर हलवायला लागला. नुसता दंगा. त्या दंग्यात चांगुनाबायनं पदर खोचला, टेबलापाशी गेली आनि कोपऱ्याकडं बोट केलं.

“लिवा मॅडम. आमी रातभर नाचलो, घटकाभर झोपलो, ताज्या झालो. ही बया हलदीला आलीच नाय. रातभर घरात झोपली, आनि सकाली उठली ती दमूनच...”

आनि तिचं बोट आपोआप खाली आलं.

मॅडमचं पेन थांबलं. “चांगुणाबाई, हेच. तपासण्या अजून करू, पण आम्हाला हवं होतं ते तुम्ही बोललात. तुमचा थकवा झोपेनं जातो. यांचा झोपूनही जात नाही. हे सोंग नाही.”

दंगा बंद झाला. गोऱ्याची कंबर हवेतच राहिली. चांगुनाबाय कोपऱ्यात जाऊन पुतळाच्या उशाशी बसली.

“रोज असंच होतं गो, पुतले?”

“रोजच, बाय.”

“मंग बोलली का नाय?”

“रोजच बोलते, बाय.”

परत येताना चांगुनाबायनं टेम्पोत कोनाला गाऊ दिलं नाय. एकीनं नुसतं गुनगुनलं तर तिला म्हनाली, उतर आनि वाशीच्या पुलाकडनं वळसा घालून चालत ये. औषध काय अजून सापडलं नाय. डॉक्टर लोक शोधतायत, गोरा पत्रं पाठवतो, वर बायांना हळदीचं आमंत्रन मागतो. माहेरचा विषय मात्र त्या दिवसापासनं निघाला नाय.

घ्या, चाय आली. पुतळा आत आडवी झालीय. आनि दारात खराटा घेऊन बसलीय ना, ती चांगुनाबाय. तवा बशी जरा हळू ठेवा.